५५+ वसाहतीत आईवडिलांच्या घरी राहणारी मदतनीस आणि वयाची अट

शमी

माझे आईवडील कॅलिफोर्नियातील एका ५५+ (म्हणजे ५५ किंवा त्याहून अधिक वयाच्या ज्येष्ठांसाठीच्या) वसाहतीत अनेक वर्षे स्वतःच्या घरात राहत आहेत. बाबा ८६ वर्षांचे आहेत आणि आईला पार्किन्सन्सचा आजार आहे. आजवर दिवसा येणाऱ्या मदतनीस बाईंवर त्यांचे निभावत होते. आता मात्र आईला रात्री अंथरुणातून उठताना आधार लागतो, आणि तिचा तोल गेल्यास तिला सावरण्याइतके बळ बाबांच्या अंगात राहिलेले नाही, त्यामुळे चोवीस तास कोणीतरी घरात असायला हवे असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. सुदैवाने आम्हांला एक अनुभवी आणि अतिशय शांत स्वभावाच्या मदतनीस मिळाल्या असून त्या आईबाबांच्याच घरी राहायला तयार आहेत. त्यांचे वय ३८ वर्षे आहे.

एचओएच्या, म्हणजे वसाहतीतील घरमालकांच्या संघटनेच्या, व्यवस्थापकांना हे कळवताच त्यांचे पत्र आले. वसाहतीच्या नियमांनुसार ४५ वर्षांखालील व्यक्तीला येथे कायम राहता येत नाही, पाहुणा म्हणून वर्षातून ६० दिवस राहता येईल आणि त्यानंतर घरमालकाला दंड आकारला जाईल, असे त्यात लिहिले आहे. बाबांनी आयुष्यभर प्रत्येक नियम पाळला आहे, त्यामुळे ते पत्र वाचून आपल्याला घर विकावे लागणार अशीच त्यांची समजूत झाली आहे. या बाबतीत कायदा काय सांगतो आणि संघटनेच्या बोर्डापुढे विषय कसा मांडावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तरायण

शमीताई, घर विकण्याचा विचार बाबांच्या मनातून आधी काढून टाका. व्यवस्थापकांनी नियमांचा एकच भाग वाचून पत्र लिहिलेले दिसते.

१९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टमध्ये १९८८ साली दुरुस्ती होऊन दोन नवी संरक्षणे आली. पहिले असे की, घरात १८ वर्षांखालील मुले आहेत म्हणून कुटुंबाला घर नाकारता येत नाही. दुसरे असे की, अपंगत्वाच्या कारणाने कोणाशी भेदभाव करता येत नाही. ज्येष्ठांच्या वसाहतींना वयाची अट ठेवता यावी म्हणून त्याच कायद्यात एक सूट दिलेली आहे, आणि १९९५ च्या ‘हाउसिंग फॉर ओल्डर पर्सन्स अ‍ॅक्ट’ने ती मिळवणे सोपे केले, कारण तोवर ५५+ वसाहतींना ज्येष्ठांसाठी खास सोयीसुविधा पुरवत असल्याचे सिद्ध करावे लागत असे. परंतु ही सूट फक्त पहिल्या संरक्षणापुरती आहे. अपंगत्वाविषयीच्या तरतुदी ५५+ वसाहतीलाही इतर कोणत्याही वसाहतीइतक्याच लागू राहतात, आणि नेमकी हीच गोष्ट अनेक व्यवस्थापकांच्या लक्षात येत नाही.

त्या तरतुदींनुसार अपंग व्यक्तीला आपल्या घराचा इतरांप्रमाणे उपभोग घेता यावा म्हणून आवश्यक असेल तेथे नियमात वाजवी बदल करून देणे वसाहतीवर बंधनकारक आहे. याला ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ म्हणतात. ज्या व्यक्तीला रात्री एकटीने उठता येत नाही तिच्याजवळ राहणारी मदतनीस हे याचे अगदी ठळक उदाहरण आहे. केंद्राच्या गृहनिर्माण विभागाने, म्हणजे हडने, १९९९ साली केलेल्या नियमांत तर असे स्पष्ट लिहिले आहे की, अपंग रहिवाशाला अशी सवलत देण्यासाठी आवश्यक असलेली ५५ वर्षांखालील व्यक्ती वसाहतीत राहत असली, तरी त्यामुळे वसाहतीचा ५५+ दर्जा बाधित होत नाही.

कॅलिफोर्नियात तुमची बाजू आणखी भक्कम आहे. तेथील सिव्हिल कोडच्या कलम ५१.३ मध्ये ‘परमिटेड हेल्थ केअर रेसिडेंट’ अशी वेगळी वर्गवारी आहे. ज्येष्ठ रहिवाशाची दीर्घकाळ किंवा अखेरच्या आजारातील शुश्रूषा करण्यासाठी पगारावर ठेवलेली आणि घरीच राहणारी व्यक्ती, किंवा तशी शुश्रूषा करणारा कुटुंबीय, असा तिचा अर्थ आहे आणि तिला वयाची अट नाही. शुश्रूषा मात्र नावापुरती असून चालत नाही. दैनंदिन आवश्यक कामांत मदत किंवा वैद्यकीय उपचार, यांपैकी काहीतरी भरीव स्वरूपात व्हायला हवे. तुमच्या आईच्या बाबतीत याविषयी शंका घेण्यास जागा नाही. पत्रातील ४५ वर्षांची अट आणि ६० दिवसांची मुदत याच कलमातून आलेल्या दिसतात. पण पहिली ‘क्वालिफाइड पर्मनंट रेसिडेंट’, म्हणजे ज्येष्ठासोबत कायम राहण्याचा हक्क असलेल्या निराळ्या वर्गासाठी आहे आणि दुसरी पाहुण्यांसाठी. तुमच्या मदतनीस या दोन्हींत मोडत नाहीत.

म्हणून बोर्डाकडे मेहेरबानी मागितल्यासारखे जाऊ नका. आईच्या नावाने लेखी विनंती करा. कायद्याने तोंडी विनंतीही पुरते, परंतु कागद हाती असलेला केव्हाही बरा.

पाऊलवाट

एवढा पत्रव्यवहार करण्यापेक्षा ६० दिवसांनी त्या बाईंना चार दिवस बाहेर पाठवून पुन्हा पाहुणी म्हणून नोंद करता येणार नाही का? आमच्या ओळखीत एकांनी असेच केले आणि कोणी काही विचारले नाही. आजारपणाच्या काळात बोर्डाशी वाद नको, एवढाच माझा हेतू आहे.

उत्तरायण

तुमची कळकळ समजते, पण हा मार्ग धरू नये असे मी आग्रहाने सांगेन. ६० दिवस ही वर्षभराची मोजणी आहे, त्यामुळे चार दिवसांच्या खंडाने काहीच साधत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, आपणच ज्यांची पाहुणी म्हणून नोंद केली त्या मदतनीस असल्याचे पुढे सांगायची वेळ आली, तर आपल्या शब्दावर कोणी विश्वास का ठेवावा? सरळ दरवाजा उघडा असताना आड वाटेने जाण्याचे कारण नाही.

मध्यरेषा

मी अ‍ॅरिझोनातील एका ५५+ वसाहतीच्या बोर्डावर काम करते. आमची बाजूही येथे मांडावीशी वाटते, कारण समोरच्या माणसाला कशाची भीती वाटते हे कळले तर विनंतीचे पत्र अधिक चांगले लिहिता येते.

बोर्डाला धास्ती असते ती सूट गमावण्याची. वस्ती असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत ५५ किंवा त्याहून अधिक वयाची निदान एक व्यक्ती राहत असली पाहिजे, ही वसाहत ज्येष्ठांसाठी आहे हे आमच्या जाहिराती, नियम आणि व्यवहार यांतून दिसले पाहिजे, आणि रहिवाशांच्या वयाची पडताळणी किमान दर दोन वर्षांनी अद्ययावत केली पाहिजे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. यात ढिलाई झाली तर लहान मुलांच्या कुटुंबांना नकार देण्याचा अधिकार राहत नाही. आमच्या राज्यातील यंगटाउन हे १९५४ साली ज्येष्ठांसाठी वसवलेले गाव आहे, ज्येष्ठांच्या प्रसिद्ध सन सिटी वसाहतीच्याही आधीचे, आणि तेथील वयाची अट १९९८ साली संपुष्टात आली. हे उदाहरण येथील प्रत्येक बोर्ड सदस्याला पाठ असते.

परंतु या भीतीला आकडेमोडीचा आधार नाही, हे मी आमच्याच बैठकीत अनेकदा सांगितले आहे. समजा, वसाहतीत २०० घरे आहेत आणि त्यांपैकी १९० घरांत वस्ती आहे. तर १५२ घरांत ५५ वर्षांवरील किमान एक व्यक्ती हवी. शमीताईंच्या आईबाबांचे घर या १५२ मध्ये आधीच मोजलेले आहे आणि तेथे ३८ वर्षांच्या मदतनीस राहायला आल्या तरी ते मोजलेलेच राहते. घरातील प्रत्येकाने ५५ वर्षे ओलांडलेली असावीत असे केंद्राचा कायदा ५५+ वसाहतीला कधीच सांगत नाही. ती अट बहुधा वसाहतीच्या स्वतःच्या सीसी अँड आरमध्ये (घरमालकांवर बंधनकारक असलेल्या नियमपत्रात) असते. ६२+ वसाहती वेगळ्या. तेथे सर्वच रहिवासी ६२ वर्षांवरील असावे लागतात, त्यामुळे मदतनिसाचा विषय निघाला की तेथील बोर्डे जास्त कचरतात. पण उत्तरायण यांनी म्हटल्याप्रमाणे अपंगत्वाच्या तरतुदींतून त्यांनाही सुटका नाही.

पत्रासोबत डॉक्टरांचे एक छोटे प्रमाणपत्र जोडा. शारीरिक मर्यादांमुळे रहिवाशाला दैनंदिन कामांत आणि रात्री मदतीची गरज आहे, त्यासाठी घरी राहणारी मदतनीस आवश्यक आहे, एवढे दोन-तीन वाक्यांत पुरे. गरज उघड दिसत नसेल तेव्हा तिचा पुरावा मागण्याचा बोर्डाला अधिकार आहे, परंतु सगळी वैद्यकीय कागदपत्रे, औषधांच्या याद्या किंवा आजाराचा इतिहास मागण्याचे सहसा कारण नसते. हड आणि न्याय विभाग यांनी मे २००४ मध्ये काढलेल्या संयुक्त निवेदनात हे सविस्तर दिले आहे. विनंती विशिष्ट छापील अर्जावरच केली पाहिजे असा हट्ट धरता येत नाही, या सवलतीसाठी वेगळे शुल्क किंवा अनामत घेता येत नाही आणि उत्तर विनाकारण लांबवणे हा नकारच समजला जाऊ शकतो, हेही त्यातच आहे. ते निवेदन छापून विनंतीला जोडा. आमच्याकडे एकदा एका रहिवाशाच्या मुलाने तसे केले होते आणि जो विषय दोन बैठका रेंगाळला असता तो एकाच बैठकीत मंजूर झाला.

तुमच्याकडूनही थोडा मोकळेपणा हवा. मदतनिसांचे नाव, त्यांची गाडी कोठे उभी राहील आणि अडीअडचणीला कोणाला फोन करायचा, हे विचारले तर त्याला चौकशी समजू नका. वसाहतीचे रोजच्या वागणुकीचे सर्व नियम त्यांनाही लागू असतात.

तिसरा प्रहर

आमचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. माझ्या सासूबाई न्यू जर्सीतील ५५+ वसाहतीत एकट्या राहतात. पगारी मदतनीस परवडत नाही आणि मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) अशा दीर्घकालीन घरगुती देखभालीचा खर्च देत नाही. म्हणून सोलापूरहून माझ्या मामेबहिणीला सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर बोलावून घ्यावे आणि तिला काही रक्कम तिकडच्या खात्यात द्यावी असा विचार चालू आहे. तिचे वय ४९ आहे. वसाहतीची परवानगी मिळेल का?

उत्तरायण

वसाहतीची परवानगी हा येथे दुसरा प्रश्न ठरतो. बी-२ म्हणजे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या व्यक्तीला अमेरिकेत मोबदला घेऊन काम करता येत नाही, मग तो मोबदला डॉलरमध्ये येथे दिलेला असो वा रुपयांत सोलापूरच्या खात्यात जमा केलेला असो. यात सर्वांत मोठे नुकसान तुमच्या मामेबहिणीचे होईल, कारण तिला पुन्हा कधी या देशात येणे कठीण होऊन बसेल. आणि वसाहतीला देण्याच्या पत्रात ती पगारी मदतनीस आहे असे तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून द्याल, याचाही विचार करा.

खर्चाची अडचण असेल तर सासूबाई मेडिकेडसाठी (कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी आरोग्य योजनेसाठी) पात्र ठरतात का हे प्रथम पाहा. अनेक राज्यांत मेडिकेडच्या योजनांतून घरी देखभालीसाठी मदत मिळते आणि काही योजनांत मुलामुलींनाही त्या कामाचा मोबदला घेता येतो. कॅलिफोर्नियातील आयएचएसएस (इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस) ही त्यांपैकी सर्वांच्या परिचयाची योजना आहे. तेथे देखभाल करणारी मुलगी आईसोबत एकाच घरात राहत असेल, तर त्या वेतनावर केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही.

पारिजातक

सर्व प्रतिसाद वाचले आणि उपयुक्त वाटले. पण त्यांत एक व्यक्ती जवळजवळ अदृश्य आहे, ती म्हणजे ३८ वर्षांची ती मदतनीस. मी स्वतः काही वर्षे अशी कामे केली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

वसाहतीत राहण्याचा हा हक्क तिचा स्वतःचा नसतो. तो तुमच्या आईचा असतो आणि आईच्या गरजेपुरताच टिकतो. याचा अर्थ असा की, जिची शुश्रूषा केली ती व्यक्ती गेली, की त्याच दिवशी मदतनिसाची नोकरी जाते आणि घरही जाते. ज्या घरी मी रात्रंदिवस राबले तेथे अंत्यविधी आटोपताच माझी खोली कधी रिकामी होणार, अशी विचारणा झाली होती. ती विचारणारी माणसे वाईट नव्हती. त्यांनी या गोष्टीचा आधी कधी विचारच केला नव्हता.

रुग्णालयाचेही असेच. आईला रुग्णालयात दाखल केले तर त्या काळात मदतनीस घरात राहू शकते का, हे आधीच ठरलेले असावे. शमीताई कॅलिफोर्नियातील आहेत, तर तेथील त्या कलमात याविषयी काही असेल, ते जाणकारांनी सांगावे.

आणि मुलांचे काय? या कामातील कितीतरी बायका एकट्याने मूल वाढवत असतात. रुग्णाच्या घरी राहायला गेलेल्या मदतनिसाने आपल्या सहा वर्षांच्या मुलाला कोठे ठेवावे? त्याला वसाहतीत आणता येणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण रुग्णाच्या शुश्रूषेसाठी मूल आवश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. पण कामावर ठेवताना निदान एवढे विचारा की, तिला घरी मूल आहे का, आणि असल्यास आठवड्यातून सलग दोन दिवस तरी ती त्याच्याजवळ राहू शकेल अशी सोय करा. त्या दोन दिवसांसाठी दुसरी व्यक्ती शोधणे हे कुटुंबाचे काम आहे.

उत्तरायण

पारिजातकताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यात सर्वांत आधी यायला हवा होता.

रुग्णालयाविषयी कलम ५१.३ मध्ये स्पष्ट तरतूद आहे. ज्येष्ठ रहिवासी उपचारांसाठी घराबाहेर असेल आणि ९० दिवसांच्या आत परतण्याची अपेक्षा असेल, तर मदतनीस घरात राहू शकते. मात्र ती आपल्या परतण्याच्या वेळी घरी असावी अशी आपली इच्छा असल्याचे रहिवाशाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने बोर्डाला लेखी कळवावे लागते. परतणे आणखी लांबले तर पुढील ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवण्याचा अधिकार बोर्डाला आहे. शमीताई, हे पत्र आजच लिहून त्यावर आईची सही घेऊन ठेवा. रुग्णवाहिका दारात उभी असताना ते कोणालाही सुचत नाही.

मृत्यूनंतरच्या स्थितीत मोठा फरक आहे. त्याच घरात आईबाबांसोबत राहून त्यांना मुख्य आधार देणारी, किंवा ४५ वर्षांवरील, मुलगी ‘क्वालिफाइड पर्मनंट रेसिडेंट’ या वर्गात बसू शकते आणि त्यांच्या पश्चात तेथेच राहू शकते. पगारी मदतनिसाला तो हक्क मिळत नाही. म्हणून करारातच लिहून द्यावे की, काम कोणत्याही कारणाने संपले तरी तिला ठरावीक आठवड्यांचे वेतन मिळेल आणि राहण्याची सोय होईपर्यंतचा खर्च कुटुंब करील. खोली तातडीने रिकामी हवी असेल तर तिची अन्यत्र सोय करणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे, असे माझे मत आहे.

वेतनाविषयी थोडक्यात. घरी राहते, जेवते, म्हणून तिच्या कामाच्या तासांची मोजदाद नको, हा समज चुकीचा आहे. कॅलिफोर्नियात घरगुती शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४५ तासांपलीकडे काम केल्यास दीडपट दराने वेतन द्यावे लागते. आई रात्री तीन वेळा उठत असेल तर ती रात्र मदतनिसाच्या झोपेची नाही, कामाची आहे. तिला थेट तुम्ही कामावर ठेवले असेल तर आय-९ अर्ज (तिला या देशात काम करण्याची परवानगी असल्याची पडताळणी) आणि सोशल सिक्युरिटीचा भरणाही तुमच्याकडे येतो.

शमी

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना हा संपूर्ण धागा वाचून दाखवला. आईच्या नावाने विनंती, डॉक्टरांचे तीन ओळींचे प्रमाणपत्र, २००४ चे निवेदन आणि कलम ५१.३ ची प्रत असे सर्व बोर्डाला पाठवले होते. बोर्डाने लेखी मंजुरी दिली असून दंडाचा उल्लेख मागे घेतला आहे. मंजुरीत मदतनिसांचे नाव, गाडीची जागा आणि गरज संपल्यावर वास्तव्य संपेल, एवढेच आहे. रुग्णालयाविषयीच्या पत्रावर आईने सही केली आहे. मदतनीस बाईंना दहा वर्षांची मुलगी आहे, हे आम्ही विचारल्यावरच समजले. आता शनिवार-रविवार मी आणि माझा भाऊ आळीपाळीने आईजवळ राहणार आहोत.

एक शंका उरली आहे. मंजुरी या बाईंच्या नावाने आहे. उद्या त्यांनी काम सोडले आणि दुसऱ्या कोणी आल्या, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल का?

मध्यरेषा

मंजुरी आईच्या गरजेसाठी आहे आणि ती गरज बदललेली नाही, त्यामुळे डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुन्हा मागण्यास सबळ कारण दिसत नाही. नव्या व्यक्तीचे नाव आणि गाडीची माहिती लेखी कळवा आणि जुन्या मंजुरीची प्रत सोबत जोडा. बोर्डाने तरीही अडवणूक केली तर कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे किंवा हडकडे तक्रार करता येते. हडकडे तक्रारीची मुदत घटनेपासून एक वर्ष आणि थेट न्यायालयात जायचे असल्यास दोन वर्षे आहे, म्हणून प्रत्येक पत्रावर तारीख आणि पोच असू द्या.